तीन फुसकारे: बंद पडलेली रोटरी आरएक्स-७ पहिल्यांदाच उभी करताना

ही गाडी ट्रेलरवरून माझ्या दारात आली तेव्हा विकणारा एवढंच म्हणाला होता, "इंजिन गेलंय." १९८७ ची माझदा आरएक्स-७, म्हणजे रोटरी इंजिनाची जपानी स्पोर्ट्स कार, दुसऱ्या पिढीची, टर्बो नसलेली, पाच गिअरची. अमेरिकेत ओहायोतल्या एका शेडमध्ये ती बरीच वर्षं उभी होती. त्याआधी मी रोटरी इंजिनाला कधी हात लावला नव्हता. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये लहानपण गेलं, त्यामुळे लेथ, बीड, मायक्रोमीटर ओळखीचे होते. पण पिस्टन नसलेलं इंजिन ही गोष्ट नवीच होती. घरी फोनवर सांगितलं तर आईला माझदा म्हटल्यावर स्वराज माझदाचा ट्रक आठवला. भारतात बहुतेकांची माझदाशी ओळख तेवढीच आहे.

बाबांनी मात्र लगेच विचारलं, "गेलं म्हणजे काय झालं? कॉम्प्रेशन किती आहे?"

"अजून बघितलं नाही."

"अगं मग कुणाच्या शब्दावर खोलणार आहेस? आधी मोज, मग बोल."

हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. (कॉम्प्रेशन म्हणजे इंजिन आतल्या हवेला किती दाबतं ते.) 'गाडी चालू होत नाही' आणि 'इंजिन गेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोटरीच्या बाबतीत त्यांची गल्लत फार होते. पेट्रोलचा पंप मेलेला असतो, माणूस इंजिन खोलून बसतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हणून पुढचा क्रम पाळा. मी दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ बद्दल लिहितेय, कारण ती मी स्वतः केली. तिच्यानंतरच्या आरएक्स-८ ची तत्त्वं तीच, पण मापं आणि काही रचना वेगळ्या आहेत.

घेण्याआधी

इंजिन दुरुस्त होतं, गंजलेली बॉडी माणसाला थकवते. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचं हाड खातं. मागच्या सस्पेन्शनचे वरचे बुरुज, दारांखालचे पट्टे, मागच्या चाकांच्या कमानी आणि जॅक लावायच्या जागा बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज बसका आला की पुढे बघायची गरज नाही. गाडीचं टायटल (मालकीचा कागद) विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि त्यावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. तुटलेल्या पण पूर्ण गाडीपेक्षा अर्धवट खोललेली आणि सुटे भाग खोक्यांत भरलेली गाडी जास्त महाग पडते, कारण खोक्यात काय नाही ते जोडतानाच कळतं.

आणखी एक: माझदाचं त्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. पाने-सॉकेट घेण्याआधी ते घ्या. मी इथे देतेय ती मापं समजण्यासाठी आहेत. पाना हातात घ्याल तेव्हा तुमच्या मॉडेलचंच पान उघडं असू द्या.

इंजिन समजून घ्या, एक संध्याकाळ द्या

फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिलं प्रायोगिक रोटरी इंजिन फिरलं. जपानच्या तोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये त्याचा परवाना घेतला. इंजिन फिरत होतं पण टिकत नव्हतं. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर लाटांसारखे ओरखडे उठायचे, जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांची तुकडी या एका दुखण्यामागे लागली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. ही गोष्ट इथे सांगण्याचं कारण असं, की तुम्हीही पुढे हाउसिंग हातात घेऊन तेच ओरखडे शोधणार आहात.

आत काय आहे? इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे कंबरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखा एक पोकळ भाग, त्याला रोटर हाउसिंग म्हणतात. तो अ‍ॅल्युमिनियमचा, आतून क्रोमचा थर दिलेला. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्रिकोणाची तीन टोकं कायम भिंतीला घासत राहतात, म्हणून रोटरभोवती तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता मोठा होतो, लहान होतो, आणि त्यातच हवा आत घेणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं हे सगळं होतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. रोटरच्या आत ५१ दातांचा गिअर, तो ३४ दातांच्या स्थिर गिअरवर चालतो. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेऱ्या मारतो.

आपल्या गाडीच्या १३बी इंजिनात असे दोन रोटर आहेत, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. एकाआड एक रचलेली भाकरी-भाजी-भाकरी डोळ्यांसमोर आणा: पुढची बिडाची प्लेट, हाउसिंग, मधली प्लेट, दुसरं हाउसिंग, मागची प्लेट. हा सगळा थर मागून पुढे जाणाऱ्या दीड डझनाच्या आसपास लांब बोल्टांनी आवळलेला असतो.

या रचनेतच त्याचं मरण आहे. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. गाडी एकदा जरी सपाटून तापली तरी दोघांमधली पाण्याची रबरी सीलं चिरडतात आणि पाणी आत शिरतं. दुसरं मरण त्रिकोणाच्या टोकावरच्या अ‍ॅपेक्स सीलचं. या इंजिनात ती २ मिलिमीटर जाडीची पट्टी असते. ती झिजली, तुटली किंवा खाचेत अडकून बसली की कॉम्प्रेशन जातं. तिसरी गोष्ट, ही सीलं तेलावर जगतात. म्हणून एक छोटा पंप ऑइल चेंबरमधलं तेल थेंबाथेंबाने आत सोडतो. रोटरी थोडं तेल खाते ते याचसाठी. तेल खाते म्हणून कुणी गाडी विकत असेल तर घाबरू नका. पाणी खाते म्हणून विकत असेल तर मात्र भाव पाडा.

हाताने फिरवा

बॅटरी काढा. चारही स्पार्क प्लग काढा (प्रत्येक रोटरला दोन, एक खाली एक वर) आणि ते कुठल्या भोकातले हे लिहून ठेवा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या मधल्या बोल्टला १९ चं सॉकेट लावून, समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सावकाश फिरवा. उलटं फिरवू नका, तोच बोल्ट सुटेल.

फिरत नसेल तर जोर लावू नका. साठलेला कार्बन किंवा गंज सीलाला धरून बसलेला असतो. पातळ भेदक तेल सोडा, दोन दिवस थांबा, परत थोडं पुढे, थोडं पुढे. आठवडा गेला तरी हरकत नाही.

फिरलं, तर खालचे प्लग काढलेले आणि वरचे बसवलेले ठेवून कान लावा. एकेका रोटरमधून 'फुस्... फुस्... फुस्...' असे एकसारख्या अंतराने फुसकारे यायला हवेत. तीन कप्पे, तीन फुसकारे. तिन्ही सारखे दमदार असतील तर मन हलकं होतं. एक दमदार आणि दोन मेलेले असतील, तर समजा एक अ‍ॅपेक्स सील गेलंय, कारण एक सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत असते. तिन्ही सारखेच अशक्त असतील तर झीज सगळीकडची आहे, किंवा नुसतीच भिंतींवरची तेलाची फिल्म धुऊन गेलेली आहे. यातली दुसरी शक्यता लोक विसरतात.

माझ्या गाडीत पुढच्या रोटरचे तीन फुसकारे नीट होते. मागच्या रोटरचे तिन्ही अशक्त होते.

आता गेज

रोटरीसाठी वेगळा कॉम्प्रेशन टेस्टर मिळतो, तो तिन्ही कप्प्यांचे आकडे वेगवेगळे देतो. उसना मिळाला तर उत्तम. नसेल तर साध्या टेस्टरच्या तोंडातला हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह काढून टाका, म्हणजे काटा एका आकड्यावर अडकत नाही, दर कप्प्याला उडी मारतो. फोनवर व्हिडिओ काढा आणि सावकाश करून बघा. अशा जुगाडाच्या गेजवर आकडा तंतोतंत येत नाही, पण तीन उड्या सारख्या आहेत का ते स्वच्छ दिसतं.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. इंधनाचा फ्यूज काढा, ठिणगी देणाऱ्या कॉइलची जोडणी सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. तपासताय त्या रोटरचा दुसरा प्लग बसवलेलाच ठेवा, नाहीतर हवा तिथून जाईल. मापं २५० आरपीएमला धरलेली आहेत, स्टार्टर हळू फिरला की आकडा पडतो आणि विनाकारण इंजिनावर आळ येतो. या इंजिनाला साधारण ८५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) खाली गेलं की दुरुस्तीची वेळ आली असं धरतात, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत २१ पीएसआयहून जास्त फरक नको.

फ्लडिंग: सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

थंड रोटरी चालू करून दोन मिनिटांत बंद केली की आत पेट्रोल साचतं. इंजेक्टर गळके असतील तर न चालवताही साचतं. ते पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, सीलं कोरडी पडतात, कॉम्प्रेशन पडतं, गाडी लागत नाही. माणूस पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो, आणखी पेट्रोल आत जातं. शेवटी 'इंजिन गेलं' असा शिक्का बसतो. 'गेलेल्या' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या रोटरींत अशाही गाड्या असतात.

उपाय सोपा आहे. इंधनाचा फ्यूज काढा आणि कॉइलची जोडणी नक्की सोडा, कारण आता प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येणार आहे आणि एक ठिणगी पुरते. गॅरेजचं दार उघडं, अग्निशामक हाताशी. प्लग काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, मध्ये त्याला गार होऊ द्या. बाहेर येणारी वाफ थांबली की प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल, मग हाताने दोन-चार फेऱ्या, मग कोरडे प्लग. आता कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. माझ्या मागच्या रोटरचे आकडे इथे थोडे वर आले, पण पुरेसे नाही. तुमचे आले, तर इंजिन खोलायचा विचार तिथेच थांबवा.

पेट्रोल आणि ठिणगी

टाकीत वर्षानुवर्षं पडलेल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो. ते सगळं काढा, फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करून तपासायला द्या. १९८६ ते ८८ च्या गाड्यांत चावी नुसती 'ऑन' केली तर पंप वाजत नाही. हवा आत जाताना एअरफ्लो मीटरची झडप हलते, तिथला स्विच पंप चालू करतो. हे माहीत नसल्याने चांगला पंप फेकून देतात. बोनेटखाली पंप तपासायचं दोन तारांचं पिवळं कनेक्टर असतं, ते जोडून पंप ऐका.

इनटेकच्या खाली, फ्यूल रेलच्या टोकाला पल्सेशन डॅम्पर नावाचा डबीसारखा भाग आहे. तो म्हातारा झाला की गळतो, आणि गळतो तो थेट गरम इंजिनावर. या गाड्या जळण्याचं हे ठाऊक असलेलं कारण आहे. डॅम्पर आणि तिथले सगळे रबरी पाइप, गाडी चालू होवो न होवो, बदलाच. इथे पैसे वाचवू नका.

ठिणगीत तीन गोष्टी बघा. खालच्या आणि वरच्या प्लगच्या वायरींची अदलाबदल. प्लगचं रेटिंग: या गाडीला मूळचे एनजीकेचे खाली ७ नंबरचे, वर ९ नंबरचे. आणि शाफ्ट कुठे आहे ते ओळखणारा क्रँक अँगल सेन्सर, जो आधी कुणी काढून एक दात चुकवून बसवला असेल तर गाडी कधीच लागणार नाही. बॉडी आणि इंजिन यांमधली अर्थिंगची पट्टी घासून पुन्हा बसवा.

खोलायचं की नाही

कॉम्प्रेशन तेल देऊनही पडलेलं, किंवा रेडिएटरमध्ये इंजिन चालताना बुडबुडे, किंवा रात्रभर उभी ठेवल्यावर प्लग पाण्याने ओला आणि पांढरा गोडसर वासाचा धूर. यातलं एक असेल तर खोला. नसेल तर खोलू नका.

त्याआधी १३बी मध्ये एक सोय आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढला की बाहेर जाण्याच्या भोकातून रोटर दिसतो. इंजिन हाताने फिरवत प्रत्येक अ‍ॅपेक्स सील समोर आणा आणि लाकडी काडीने हळूच दाबा. स्प्रिंगवर मागे-पुढे झालं तर ते जिवंत आहे. माझ्या मागच्या रोटरची दोन सीलं दगडासारखी बसली होती, आणि कडेला गंजाची रेघ दिसली. पाणी आत गेलं होतं. तेव्हा कुठे मी चेन पुली शोधायला निघाले. (आरएक्स-८ मध्ये हे भोक बाजूच्या प्लेटमध्ये असल्याने असं बघता येत नाही.)

उतरवणं

यावर फार लिहीत नाही, कारण हे कुठल्याही गाडीसारखंच आहे. पाणी, तेल काढा. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी आणि नंबर, प्रत्येक टप्प्याला फोटो, प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत. एसीचा गॅस हवेत सोडू नका, कॉम्प्रेसर पाइपांसह बाजूला बांधून ठेवा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही पाइप न सोडता बाजूला घ्या. गिअरबॉक्सला जॅकचा टेका द्या, मग इंजिन उचला. क्रेनखाली कधीही हात किंवा पाय घालू नका.

नेहमीचा इंजिन स्टँड चालणार नाही. तो इंजिनाला मागून धरतो, आणि रोटरी तर मागूनच खोलायची असते. बाजूने धरणारा रोटरीचा खास अ‍ॅडॉप्टर लागतो.

खोलणं

पहिला डोंगर फ्लायव्हीलच्या नटाचा. ५४ मिलिमीटरचा नट, पुस्तकाप्रमाणे जवळपास ३९० ते ४९० न्यूटन-मीटरला आवळलेला, वर लॉकिंग द्रव. फ्लायव्हील अडवायला लोखंडी पट्टी आणि लांब पाइप घातलेला ब्रेकर बार लागतो, किंवा दमदार इम्पॅक्ट. नट पूर्ण काढू नका, चार आट्यांवर राहू द्या. फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं आणि पुलरने सुटताना उडी मारतं. तो नट त्याला अडवतो.

मग मागची बाजू वर करून लांब बोल्ट आकृतीतल्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे ढिले करा. प्लेट उचलताना सीलं तिला चिकटून वर येतात आणि अर्ध्यात खाली पडतात. एक हात उचलायला, दुसरा हात खाली. मी जाड पुठ्ठ्यावर दोन्ही रोटरांची दोन्ही बाजूंची चित्रं काढली होती आणि प्रत्येक सील निघेल तसं त्याच्या जागी टाचलं. जुनी सीलं वापरायची नसली तरी हे करा. कुठलं सील कुठे तुटलं यावरून काय घडलं ते कळतं.

मोजमाप: खरं काम इथे आहे

खोलणं आणि जोडणं कोणीही शिकतं. इंजिन पुन्हा चालेल की नाही ते मधल्या या टेबलावर ठरतं. नव्या सीलांचा संच आणून जुन्या झिजलेल्या भागांत कोंबला, तर इंजिन चालू होईल आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खोलावं लागेल. माझ्या गाडीतही आधी कुणीतरी हेच केलेलं दिसलं: सीलं त्यामानाने ताजी, प्लेट मात्र झिजलेल्या.

सगळं धुऊन पुसून, कार्बन भिजवून काढा. रोटरच्या खाचांत टोकदार पोलादाने खरवडू नका.

रोटर हाउसिंगच्या आत बोट फिरवा. क्रोमचा थर कडेला पापुद्र्यासारखा सुटलेला असेल तर ते हाउसिंग गेलं. आडव्या लाटांचे ओरखडे शोधा. मायक्रोमीटरने हाउसिंगची जाडी चार ठिकाणी घ्या, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ०.०६ मिलिमीटरपेक्षा फरक नको. दोन हाउसिंग नवी घ्यावी लागली तर बंद गाडीच्या किमतीपेक्षा तेवढंच बिल सहज जास्त होतं. म्हणून बजेट या टेबलावर करा, गाडी घेताना केलेलं बजेट विसरा.

बिडाच्या प्लेटवर सरळपट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.०४ पेक्षा जास्त वाक नको. मग बाजूच्या सीलांनी घासून पाडलेली पायरी डायल गेजने (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) मोजा, ती ०.१० च्या आत हवी. जास्त असेल तर प्लेट बदला किंवा रोटरीचं काम करणाऱ्या मशीन शॉपमध्ये घासून घ्या. मला एक प्लेट घासून घ्यावी लागली. याच प्लेटमध्ये पाण्याच्या सीलाची खाच असते. तिची पातळ भिंत गंजून तुटलेली असेल तर कितीही चांगलं सील घातलं तरी पाणी आत जाणारच.

बेअरिंगच्या आतला थर बघा. राखाडी झिजून तांब्यासारखा रंग दिसायला लागला की बदला. रोटर आणि मागचं वजन (काउंटरवेट) एकमेकांशी जुळवलेले असतात. दुसऱ्या इंजिनातला रोटर आणलात तर त्यावरचा वजनाचा अक्षरी शिक्का जुळतोय का बघा.

आता बाजूची सीलं. नवी सीलं किंचित लांब येतात आणि ती रोटरवर बसवून घासावी लागतात. बाजूचं सील आणि कोपऱ्यातलं गोल सील यांमध्ये ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर फट हवी. जास्त झाली तर दाब गळतो, कमी झाली तर तापल्यावर सील फुगून अडकतं. दोन रोटर, प्रत्येकाला दोन बाजू, प्रत्येक बाजूला तीन, म्हणजे बारा सीलं. बारीक कानसीवर दोन घासे, बसवून बघा, फीलर घाला, परत काढा. ज्या खाचेसाठी घासलं तिथेच ते राहील अशी खूण करा. मला यात दोन पूर्ण शनिवार लागले. बाबा व्हिडिओ कॉलवर बघत होते आणि सारखं म्हणत होते, "काढलेलं परत लावता येत नाही गं, सावकाश." सगळ्या कामातले माझे सर्वांत आवडते तास ते.

रोटरच्या बाजूंवर तेल अडवणाऱ्या ऑइल कंट्रोल रिंगांचे रबरी ओ-रिंग जुने असले की कडक प्लास्टिकसारखे होतात आणि निळा धूर येतो. ते न बघताच बदला.

जोडणं

गॅरेज झाडून, पाणी शिंपडून धूळ बसवून घ्या. पाळीव प्राणी आणि पंखा बाहेर.

सीलं जागेवर धरून ठेवायला साधं व्हॅसलीन लागतं, ते चालू झाल्यावर जळून जातं. पाण्याची सीलं खाचेत व्हॅसलीनने बसवा, पिळलेली नाहीत ना ते बोटाने चाचपा. पुढची प्लेट खाली, त्यावर पुढचा रोटर, हाउसिंग, मग भरपूर तेल लावलेला एक्सेंट्रिक शाफ्ट. मधली प्लेट घालताना शाफ्ट साधारण २५ मिलिमीटर वर उचलावा लागतो, नाहीतर ती जात नाही. हे दोघांचं काम आहे, एकट्याने करू नका. मग दुसरा रोटर, हाउसिंग, मागची प्लेट. अ‍ॅपेक्स सीलाच्या टोकाचा छोटा त्रिकोणी तुकडा सारखा निसटतो, त्याला फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा अगदी बारीक ठिपका देतात. तोही पहिल्याच दिवशी जळतो.

प्रत्येक थर चढला की शाफ्ट थोडा फिरवून बघा. अडकलं तर थांबा आणि वर उचला. जोराने काहीही बसवायचं नाही.

लांब बोल्ट क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी ३१ ते ३९ न्यूटन-मीटर.

नवख्याचं इंजिन मारणारा सापळा पुढच्या टोकाला आहे. तिथे शाफ्टवर एक सपाट सुयांचं थ्रस्ट बेअरिंग स्पेसरभोवती बसतं. पुढचा बोल्ट ढिला असताना शाफ्ट मागे सरकला की हे बेअरिंग खाली घसरतं, आणि बोल्ट आवळला की स्पेसर आणि प्लेट यांत चिरडतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून इंजिनाची पुढची बाजू वर करून हे भाग बसवा, आणि बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत इंजिन आडवं करू नका. माझं पहिल्यांदा घसरलं होतं. डायल गेज लावून शाफ्टची पुढेमागे हालचाल मोजली तेव्हाच लक्षात आलं. ती हालचाल ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर हवी, माझी जवळजवळ शून्य होती. नवं बेअरिंग आणून पुन्हा केलं. हे माप घेतल्याशिवाय पुढचं कव्हर बसवू नका.

आता प्लग लावून हाताने फिरवा आणि ऐका. दोन्ही रोटरचे तीन-तीन फुसकारे. गाडीत चढवण्याआधी हे ऐकू यायलाच हवं.

पहिला स्टार्ट

ताजं साधं मिनरल तेल, ताजं कूलंट, हवा पूर्ण काढलेली. पुलीवरची पिवळी खूण पिनेसमोर आणून क्रँक अँगल सेन्सर बसवा. (रोटरीत आयडलला खालचा प्लग टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे कप्पा सर्वांत लहान असतो त्या जागेच्या, ५ अंश नंतर पेटतो, हे वाचून चूक वाटेल, पण बरोबर आहे.) इंधनाचा फ्यूज काढून स्टार्टर फिरवत राहा, तेलाच्या गेजचा काटा हलेपर्यंत. मग फ्यूज लावा.

माझी तिसऱ्या प्रयत्नात लागली. पहिली दहा मिनिटं व्हॅसलीन आणि तेलाचा इतका धूर होतो की शेजारी धावत येतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. लगेच बंद करू नका. पाण्याचा काटा, तेलाचा काटा आणि खाली पडणारे थेंब यांवर लक्ष ठेवत इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग थंड करा. असं तीनदा, दर वेळी पाणी बघा.

पहिले हजार मैल ४००० आरपीएमच्या खाली, हलक्या पायाने. काही शे मैलांवर तेल बदला. मी टाकीत दर गॅलनला एक औंस टू-स्ट्रोक तेलही घालते. तेलाचा पंप जुना आहे, त्याच्यावर एकट्यावर विसंबून राहायची माझी तयारी नाही. हजार मैलांनंतर गेज पुन्हा लावा आणि आकडे तारखेसह वहीत लिहा. सीलं बसत जातात तसे ते चढतात, माझ्या मागच्या रोटरचे चढले.

आणि गाडी गॅरेजमधून फक्त चार फूट पुढे घ्यायची असेल, तर चालू करून लगेच बंद करू नका. न्यूट्रल टाका आणि हाताने ढकला.